शेफिल्डहून लंडन: हातात जेमतेम दीड दिवस

सातारी_कंदी (२९ ऑक्टोबर २०२४, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सप्टेंबरात शेफिल्डला एमएस्सीला आलो. विमान मँचेस्टरला उतरलं, तिथून सरळ शेफिल्ड. म्हणजे लंडन अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. साताऱ्यात मात्र हे कुणाला पटत नाही. आमच्या गल्लीच्या लेखी इंग्लंड म्हणजे लंडन. आई सगळ्यांना "लंडनला असतो" असंच सांगते. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, राणीचा वाडा तुझ्या खोलीपासून लांब आहे का रे? राणी जाऊन दोन वर्षं झाली आणि वाडा पावणेदोनशे मैलांवर आहे, हे सांगायचा आता कंटाळा आला. त्यापेक्षा एकदा जाऊन आलेलं बरं.

एरवी शनिवार-रविवार दुकानातलं काम असतं. ९ आणि १० नोव्हेंबर मोकळे मिळालेत. शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी पहाटे सहाला लंडनचा व्हिक्टोरिया बसअड्डा. परतीची बस रविवारी दुपारी तीनला. रात्री ईस्ट हॅमला एका सीनियरच्या खोलीत जमिनीवर पथारी. बसचं तिकीट सोडून साठ पौंडांत भागवायचंय.

यादी अशी केलीय: बिग बेन, लंडन आय, राजवाडा, टॉवर, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, मादाम तुसाँ, ग्रिनिच, बेकर स्ट्रीट, कॅम्डन मार्केट, जमलं तर लॉर्ड्स. होईल का?

शिवाय आजोबांनी एक काम सांगितलंय. ते प्रतापसिंह हायस्कूलचे विद्यार्थी. बाबासाहेब त्याच शाळेत होते, ७ नोव्हेंबर १९०० चा प्रवेश. रजिस्टरात १९१४ क्रमांकाला "भिवा रामजी आंबेडकर" ही नोंद आहे. त्या शाळेत शिकलेला प्रत्येक माणूस ती नोंद आपल्याच घरातली असल्यासारखी सांगतो, आमचे आजोबा तर जास्तच. त्यांचं म्हणणं, "बाकी काही बघ न बघ, बाबासाहेब तिकडे राहिले ते घर बघून ये." ते नक्की कुठे आहे आणि माझ्या वाटेवर येतं का?

चिकटमामा (३० ऑक्टोबर, सकाळी ७.०५)

स्वागत. आधी पैशाचं बोलू.

लंडन आय आणि मादाम तुसाँ या दोन तिकिटांतच तुझे साठ पौंड संपतील. दोन्ही काट. मेणाचा अमिताभ बघायला कुणी इतक्या लांब जातं का? ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), टेट मॉडर्न, सगळं फुकट. दारात दानपेटी असते, तिच्याकडे बघायचं नाही.

ऑयस्टर, म्हणजे इथल्या बस-रेल्वेचं प्रवासाचं कार्ड, घेऊ नकोस. तुझं बँकेचं कार्डच टॅप कर, भाडं तेच पडतं. या वर्षीच्या (२०२४) दराने ईस्ट हॅमपासून मध्यापर्यंत, म्हणजे झोन १ ते ३, दिवसाला जास्तीत जास्त दहा पौंड कापतात. त्यापुढे कितीही फीर. नुसत्या बसने फिरलास तर सव्वापाचवर थांबतं. बसचं एक भाडं पावणेदोन पौंड आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी, तिसरी बस फुकट. बसमध्ये रोख घेत नाहीत, ते २०१४ पासून बंद आहे.

आणि एक. दिवसभर एकच वस्तू टॅप कर. फोन तर फोन, कार्ड तर कार्ड. दोन्हींवर खातं एकच असलं तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात.

भटकभवानी (३० ऑक्टोबर, सकाळी ९.२०)

यादी वाचून दम लागला. ग्रिनिच एका टोकाला, लॉर्ड्स दुसऱ्या. तुझे दोन्ही दिवस जमिनीखालच्या रेल्वेत जातील आणि शेफिल्डला परतल्यावर आठवेल काय, तर नॉर्दर्न लाइनच्या खुर्च्यांचं कापड.

घड्याळं २७ तारखेला मागे गेलीत हेही लक्षात घे. ९ नोव्हेंबरला सव्वाचारला सूर्यास्त. पाचला मिट्ट काळोख. उघड्यावरचं जे काही असेल ते चारच्या आत.

माझं ऐकशील तर आजोबांचं काम हेच मुख्य काम धर. त्याच्या आधी आणि नंतर पायाखाली जे येईल ते लंडन.

हॅरोची_माई (३० ऑक्टोबर, सकाळी १०.०२)

अरे बाळा, रात्रीच्या बसने येऊन दिवसभर फिरणार? झोपशील कधी? शनिवारी रात्री आमच्याकडे ये, वरण-भात-तूप तयार असेल. व्यक्तिगत निरोप पाठव.

उंटावरचा_शहाणा (३० ऑक्टोबर, सकाळी ११.१५)

सातारकर असून यादीत व्ही अँड ए नाही? आश्चर्य आहे. साउथ केन्सिंग्टनला उतर, शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखं तिथेच आहेत. ती बघितल्याशिवाय परत येऊ नये.

सातारी_कंदी (३० ऑक्टोबर, दुपारी १.३०)

काका, वाघनखं जुलैपासून साताऱ्यात आहेत. संग्रहालयात मांडलीत, तीन वर्षांच्या बोलीवर राज्यात आणलीत. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी इकडे यायच्या आधी रांगेत उभा राहून बघून आलोय. :)

भटकभवानी (३० ऑक्टोबर, दुपारी १.३४)

वाघनखं साताऱ्यात आणि सातारकर लंडनात. फुटले मी!

उंटावरचा_शहाणा (३० ऑक्टोबर, दुपारी २.१०)

ठीक आहे. मी २०१९ साली बघितली होती, त्या हिशोबाने लिहिलं. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तरी अजून तिथेच आहे ना? इंग्रज शिपायाच्या नरडीवर बसलेला. तो बघ.

डिस्ट्रिक्टलाइन (३० ऑक्टोबर, रात्री ८.४५)

वीस वर्षं इथे आहे, मुळात वाईचा. म्हणजे तुझा शेजारीच.

घराचा पत्ता: १०, किंग हेन्रीज रोड. प्रिमरोझ हिलच्या उत्तरेला, चॉक फार्म स्टेशनापासून रेल्वेवरचा पूल ओलांडला की पाच-सात मिनिटं. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, १९२१-२२ मध्ये इथे राहिले असं सांगणारी. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं. पुढे स्मारकाच्या परवानगीवरून कॅम्डनमध्ये बरीच ताणाताण झाली, काही शेजाऱ्यांना गर्दी नको होती. २०२० मध्ये परवानगी मिळाली. उघडायच्या वेळा जायच्या आधी बघून ठेव.

आजोबांना सांगायला म्हणून: बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आले १९१६ मध्ये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परत गेले. पुन्हा आले १९२० मध्ये, स्वतःची शिल्लक, मित्राकडून उसने आणि शाहू महाराजांची मदत असं जुळवून. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी. प्रबंध रुपयावर. त्या काळात ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचे. ते गोल वाचनालय म्युझियमच्या मधल्या चौकात आजही उभं आहे, ग्रंथालय मात्र १९९८ मध्ये सेंट पँक्रसला नव्या इमारतीत गेलं.

म्हणजे तुझा रस्ता आपोआप आखला जातो: घर, मग म्युझियम, मग किंग्जवेने खाली एलएसई. वाकडी वाट कुठेच नाही.

पुणेरी_पाटी (३० ऑक्टोबर, रात्री ९.३०)

फक्त एकच घर का? लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये १०, हाउली प्लेसला राहिले, तिथेही पाटी आहे. सावरकरांचं इंडिया हाऊस हायगेटला, ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू. मराठी मुलाने तिन्ही ठिकाणी डोकं टेकवलं पाहिजे.

विक्षिप्त_१२ (३० ऑक्टोबर, रात्री ९.४१)

आला ठरलेला प्रतिसाद. मुलाच्या आजोबांनी एक घर सांगितलंय. तुम्हाला त्यात तिघांची बेरीज का करायचीय, ते इथे सगळ्यांना कळतं.

पुणेरी_पाटी (३० ऑक्टोबर, रात्री ९.५०)

मी पत्ते दिले. बेरीज तुम्ही केलीत.

(यापुढचे सात प्रतिसाद काढून टाकले आहेत. धागा दीड दिवसाच्या सहलीचा आहे, तेवढा राहू द्या. – संपादक)

डिस्ट्रिक्टलाइन (३१ ऑक्टोबर, सकाळी ७.३०)

काल तारखेकडे लक्ष गेलं नव्हतं. १० नोव्हेंबर म्हणजे रिमेम्बरन्स संडे. महायुद्धांतल्या मृतांचा दिवस. व्हाइटहॉलवर राजा येतो, रस्ते बंद, वेस्टमिन्स्टरला तोबा गर्दी. बिग बेन आणि तो सगळा भाग शनिवारीच उरक. आणि शनिवारी सिटीमध्ये, म्हणजे लंडनच्या जुन्या व्यापारी भागात, लॉर्ड मेयरची मिरवणूक असते, तिथले बसमार्ग संध्याकाळपर्यंत वळवलेले असतील. नेमका एकच शनिवार-रविवार निवडलास आणि त्यात दोन्ही.

तू साताऱ्याचा, म्हणून आणखी एक. अपशिंगे माहीत असेलच.

सातारी_कंदी (३१ ऑक्टोबर, दुपारी १२.१५)

अपशिंगे मिलिटरी! मामीचं माहेर. घरटी एक माणूस फौजेत. पण त्याचा इथे काय संबंध?

डिस्ट्रिक्टलाइन (३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०)

पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. गावातला स्तंभ तू बघितला असशील. त्यांच्यासारख्यांचं इथलं स्मारक म्हणजे मेमोरियल गेट्स. हाइड पार्क कॉर्नरजवळ, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी चार खांब आणि शेजारी एक छोटी छत्री. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून लढायला आलेल्या पन्नास लाख लोकांसाठी, २००२ मध्ये उभारलं. तिथून व्हिक्टोरियाचा बसअड्डा चालत पंधरा-वीस मिनिटं. रविवारी बस पकडायच्या आधी होईल.

सातारी_कंदी (७ नोव्हेंबर, रात्री १०.५०)

उद्या रात्री निघतोय. यादी फाडली. आज विद्यार्थी दिवस, त्यामुळे सकाळीच आजोबांचा फोन. शाळेत कार्यक्रमाला जाऊन आले होते. "परवा तू तिकडे असशील, मी इथे रजिस्टराचा फोटो काढून आणलाय, तू पाटीचा काढ. दोन्ही शेजारी-शेजारी लावू."

माई, तुमच्याकडे यायची फार इच्छा होती पण ईस्ट हॅमहून हॅरो म्हणजे शहराचं दुसरं टोक. पुढच्या वेळी नक्की.

हॅरोची_माई (७ नोव्हेंबर, रात्री ११.१०)

डबा तरी कुठेतरी देऊ का? बरं, राहू दे. कानटोपी घाल.

सातारी_कंदी (१२ नोव्हेंबर, रात्री ९.३०)

आलो! वृत्तांत लांबलाय, आधीच माफी.

बस पहाटे पावणेसहालाच व्हिक्टोरियाला टेकली. अड्ड्यावरच दात घासले, आणलेला पराठा खाल्ला आणि चालायला लागलो. राजवाड्यासमोर त्या वेळी मी, एक झाडूवाला आणि दोन पोलीस. काकूंसाठी फोटो काढला. मग सेंट जेम्स पार्क. तिथे तळ्याकाठी पेलिकन झोपले होते, मान पाठीत खुपसून. १६६४ साली रशियाच्या वकिलाने भेट दिलेल्या पेलिकनांपासून ही परंपरा चालत आलीय असं पाटीवरून कळलं. हॉर्स गार्ड्समधून वेस्टमिन्स्टर पुलावर पोचलो तेव्हा उजाडायचंच होतं.

उजाडलंच नाही हो. म्हणजे अंधार गेला, पण ऊन दोन्ही दिवस एक मिनिटभरसुद्धा नाही. वर कुणीतरी राखाडी चादर ताणून बांधावी तसं आभाळ. बिग बेन त्यातून निघालेला पिवळा दिसत होता, थेम्स मात्र आपल्या पावसाळी कृष्णेच्या रंगाची. मला वाटलं होतं नदी निळी असेल. फोटोत निळीच असते.

ट्रॅफल्गर चौकातून २४ नंबरची बस घेतली, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. पावणेदोन पौंडांत सगळं चेअरिंग क्रॉस रोड आणि कॅम्डन डोळ्यांसमोरून गेलं. चॉक फार्मच्या बाजूला उतरून पूल ओलांडला. आठ-चाळीसला किंग हेन्रीज रोड.

शांत रस्ता. एकाला एक चिकटलेली उंच घरं, समोर पानं गळालेली झाडं. एक बाई कुत्र्याला घेऊन गेल्या. मी ज्या घराकडे बघत उभा होतो तिकडे त्यांनीही एकदा बघितलं, "मॉर्निंग" म्हणाल्या आणि निघून गेल्या. रोज कुणी ना कुणी असं उभं राहिलेलं त्या बघत असणार.

दार बंद. आता शिव्या घाला: डिस्ट्रिक्टलाइन काकांनी सांगूनही मी उघडायची वेळ बघितली नव्हती. शनिवारी सकाळी पावणेनऊला कुठलं स्मारक उघडं असतं? पाटीचा फोटो काढला, दाराचा काढला, नंबराचा काढला. मग समोरच्या फुटपाथवर नुसता उभा राहिलो. मनात काहीतरी मोठं यावं अशी फार अपेक्षा होती. खरं सांगू? मनात चालला होता हिशोब, बसचे पावणेदोन पौंड म्हणजे एकशे नव्वद रुपये झाले. रुपयावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाच्या दारात उभं राहून मी पौंडाला एकशेआठने गुणत होतो. मग आठवलं, तेही इथे उसने पैसे आणूनच शिकत होते. हा गुणाकार त्यांना सुटला असेल असं नाही वाटत.

तोवर गारठलो. दोन तास काढून परत येऊ म्हणून प्रिमरोझ हिलवर गेलो. हिल म्हणे! आमच्या अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणाइतकासुद्धा चढ नाही. पण वर गेल्यावर गप्प बसलो. सगळं शहर खाली पसरलेलं. शार्ड टोकाला धुरकट, सेंट पॉलचा घुमट त्यामानाने बुटका, मध्ये टेलिफोनचा मनोरा. यादीतली निम्मी नावं तिथूनच बघून झाली.

तिथे थंडी सोसवेना म्हणून ठरवलं, आधी म्युझियम आणि मग परत वर येऊ. म्युझियममध्ये रोझेटा शिळेसमोर एवढी गर्दी की शिळेपेक्षा फोन जास्त दिसले. अमरावतीच्या स्तूपाचे दगड मात्र एका काचेच्या दालनात निवांत होते, जवळजवळ मी एकटाच. मग मधल्या चौकात आलो, वर काचेचं छत, मधोमध ते गोल वाचनालय. समोरच्या बाकावर पाच मिनिटं टेकावं म्हणून बसलो.

उठलो ते सव्वाबाराला.

माई, तुम्ही विचारलं होतं झोपशील कधी. तर तिथे. जिथे बाबासाहेब दार बंद होईपर्यंत वाचत बसायचे त्याच्या भिंतीला लागून शेफिल्डचा विद्यार्थी तोंड उघडं टाकून झोपला होता. आजोबांना हे सांगितलेलं नाही, कृपया इथेच राहू द्या.

परत वर जायचा विचार सोडला, नाहीतर अंधारात एलएसई बघावं लागलं असतं. किंग्जवेने चालत गेलो. शनिवार, त्यामुळे बाहेरूनच. तिथून नदीकडे उतरलो तर बँडचा आवाज. लॉर्ड मेयरची मिरवणूक परत निघाली होती. शिपाई, बँड, शाळेची मुलं, वेताने विणलेले दोन अजस्र राक्षस, आणि शेवटी सोनेरी बग्गी. १७५७ सालची, सहा घोडे, दारांवर चित्रं रंगवलेली. खिडकीतून लाल झग्यातला माणूस तीन टोकांची टोपी हलवतोय. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारलं, हा राजा का? त्यांना उचकी लागेपर्यंत हसू आलं. मिरवणुकीचा मूळ हुकूम १२१५ सालचा, मेयर दरवर्षी नवा आणि राजाचा त्याच्याशी संबंध एवढाच की त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला हा जातो, असं त्यांनी समजावलं. मला आपलं पोवई नाक्याच्या दसऱ्याच्या मिरवणुकीची आठवण झाली. तिथे निदान ओळखीचे चेहरे असतात.

तिथून पलीकडच्या काठाने टॉवर ब्रिजपर्यंत पायी. वाटेत एका साध्या सपाट काँक्रीटच्या पुलाचे दोन-तीन फोटो उगाच काढले, मागे काय आहे ते बघायला. नंतर कळलं तोच लंडन ब्रिज. टॉवर ब्रिजला दिवे लागले तेव्हा साडेचार वाजले होते आणि फोनमध्ये दोन टक्के.

आता चिकटमामांची माफी. टॉवर हिलला आत जाताना फोन टॅप केला. ईस्ट हॅमला उतरलो तर फोन मेलेला. बाहेर पडायला कार्ड टॅप केलं. दार उघडलं, मी खूश. सकाळी बघितलं तर दोन्हीकडे अर्धवट प्रवास म्हणून जास्तीत जास्त भाडं कापलेलं.

चिकटमामा (१२ नोव्हेंबर, रात्री ९.५२)

वाचूनच पोटात दुखलं. वेबसाइटवर अर्ज कर, दोन्ही टॅपच्या वेळा टाक, पैसे परत मिळतात. आजच कर. आणि रविवार?

सातारी_कंदी (१२ नोव्हेंबर, रात्री १०.४०)

अर्ज केला मामा.

रविवारी सकाळी एम्बँकमेंटला उतरलो. पोलीस सगळ्यांना वरून वळवत होते. व्हाइटहॉलच्या ट्रॅफल्गरकडच्या टोकाला जागा मिळाली, म्हणजे दिसलं काहीच नाही. पुढे सात-आठ रांगा, सगळ्यांच्या कोटाला कागदी लाल पॉपी, म्हणजे मृतांच्या आठवणीचं फूल. माझ्याकडे नव्हती. पुढच्या काकांनी मागे वळून बघितलं, खिशातून एक काढली आणि काही न बोलता माझ्या जॅकेटला टाचली.

अकराला घड्याळाचे टोले आणि तोफ. मग दोन मिनिटं.

हजारो माणसं आणि आवाज शून्य. मी गणपतीत, मोर्च्यात, एसटी स्टँडवर गर्दी बघितलीय. गप्प गर्दी पहिल्यांदा बघितली. एका बाळाच्या गाडीचं चाक कुरकुरलं तर तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. दुसऱ्या तोफेला सगळे एकदम खोकले.

तिथून गर्दीतून वाट काढत मेमोरियल गेट्सपर्यंत. तिथे मोजून पाच-सहा माणसं. खांबांवर इंडिया, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ अशी नावं कोरलेली. छत्रीखाली उभं राहून मान वर केली की छताला आतून पदकविजेत्यांची नावं आहेत. मान दुखेपर्यंत वाचली. यशवंत घाडगे सापडले. नामदेव जाधव सापडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघांचाही इटलीतल्या लढाईसाठी, घाडगे १९४४ मध्ये तिथेच पडले. अपशिंग्याचे ४६ अर्थातच नाहीत, तिथे शौर्यपदकवाल्यांचीच नावं. कोटावरची पॉपी काढून खांबाशी ठेवावी असं वाटलं, पण ती ज्याने दिली त्याची आठवण म्हणून ठेवून घेतली. आत्ता टेबलावर आहे. मामीला फोटो पाठवला. तिने तो माहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि आता तिथले दोन निवृत्त सुभेदार मला रोज सुप्रभात पाठवतात.

बस वेळेत मिळाली. लंडन आय लांबून पाहिला. तुसाँ, ग्रिनिच, बेकर स्ट्रीट, लॉर्ड्स, काही नाही. एकूण खर्च एकेचाळीस पौंड, त्यात तो दंड धरून.

भटकभवानी (१२ नोव्हेंबर, रात्री ११.०५)

झोपेचा भाग वाचून नवऱ्याला उठवून वाचून दाखवला. लिहीत राहा रे.

पुणेरी_पाटी (१३ नोव्हेंबर, सकाळी ८.००)

चांगलं लिहिलं आहे. लंडन ब्रिजला सगळेच फसतात, मीही फसलो होतो. (फक्त हे लिहायला आलो. वाद नाही.)

विक्षिप्त_१२ (१३ नोव्हेंबर, सकाळी ८.२०)

+१. दोन्हीला.

डिस्ट्रिक्टलाइन (१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०)

घाडगे आणि जाधव शोधलेस, बरं वाटलं. आजोबा काय म्हणाले ते सांगितलंच नाहीस.

सातारी_कंदी (१३ नोव्हेंबर, रात्री ९.१५)

आजोबांनी दोन्ही फोटो छापून आणले आणि एकाच चौकटीत बसवले. डावीकडे रजिस्टरातली नोंद, उजवीकडे निळी पाटी. बाबा म्हणाले खिळा ठोकायला स्वतः स्टुलावर चढत होते, त्यांनीच खाली उतरवलं.

मग मला फोन. "आतल्या खोल्यांचे फोटो कुठायत?"

म्हटलं, दार बंद होतं, मी लवकर पोचलो.

"किती वाजता?"

म्हटलं, पावणेनऊ.

दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "शाळेला एवढ्या लवकर कधी गेला नाहीस. आता परत जा, दहानंतर."

चिकटमामा (१३ नोव्हेंबर, रात्री ९.२१)

फेब्रुवारीतली तिकिटं आत्ता काढ, स्वस्त असतात. आणि फोनचा चार्जर घेऊन जा.

हॅरोची_माई (१३ नोव्हेंबर, रात्री ९.३०)

या वेळी रात्री इकडेच यायचं. चॉक फार्म आमच्याकडून जवळ आहे, ईस्ट हॅमपेक्षा तर नक्कीच. दहाला उघडू दे नाहीतर बाराला, पोह्यांशिवाय मी सोडणार नाही.